वेडा, ढ आणि वेगळा : मज्जावैविध्याची परिभाषा

अहमदनगर या नावाने शतकानुशतके ओळखला गेलेला जिल्हा २०२४ सालापासून अहिल्यानगर या नावाने ओळखला जातो. नाव बदलल्यामुळे प्रवरेचे पाणी कमी झाले नाही, की हरिश्चंद्रगडाची उंची वाढली नाही. नद्या आणि डोंगर यांना आपल्या नावाचे सुखदुःख नसते. मनुष्याचे तसे नाही. ज्या मुलाला घरी, शाळेत आणि आळीत दहा वर्षे एकच विशेषण ऐकावे लागते, ते मूल हळूहळू त्या विशेषणासारखे वागू लागते. आणि त्याच्याशी वागणारी माणसे तर पहिल्या दिवसापासूनच त्या शब्दाप्रमाणे वागत असतात. वेडा म्हटले की दार लावून घ्यावयाचे, ढ म्हटले की मागच्या बाकावर बसवावयाचे, हट्टी म्हटले की छडी उचलावयाची, असा सारा व्यवहार शब्दाबरोबरच ठरून जातो. म्हणून मनुष्याच्या मेंदूच्या घडणीविषयी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी नवी परिभाषा रूढ झाली आहे, तिचा अर्थ सुशिक्षित कुटुंबांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे. प्रश्न शब्दांचा दिसतो, पण त्यावर मुलांची आयुष्ये अवलंबून असतात.

या जिल्ह्याला ‘वेडा’ या शब्दाचा विचार नवा नाही. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ज्यांच्या नावावर आहे ते तेराव्या शतकातील म्हाइंभट याच जिल्ह्यातील सराळे गावचे. त्यांनी लीळाचरित्राखेरीज ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचेही चरित्र लिहिले. मनात येईल त्या घरी जाऊन जेवावे, स्वतःशी बोलावे, हसावे, लहान मुलांत खेळावे, असा या सत्पुरुषाचा क्रम होता. आणि ऋद्धिपूरचे लोक त्यांना कधी वेडे म्हणत, तर कधी आईबापांच्या ठिकाणी मानीत. म्हाइंभटांनी ही दोन्ही मते न लपवता नोंदवून ठेवली. पुढे सहा शतकांनी शिर्डीस येऊन राहिलेल्या साईबाबांनाही गावातील पुष्कळांनी प्रारंभी वेडा फकीर असेच म्हटले होते. तिसरे उदाहरण विसाव्या शतकातले आहे. नगरजवळ अरणगाव येथे मेहेराबाद वसविणाऱ्या मेहेरबाबांनी १९३६ साली राहुरी येथे वेड्यांसाठी एक आश्रम काढला. तेथे आणलेल्या माणसांना ते स्वतःच्या हाताने स्नान घालीत. त्यांचे अनुयायी, विल्यम डाँकिन नावाचे इंग्रज डॉक्टर, यांनी अशा माणसांविषयी लिहिलेला मोठा ग्रंथ १९४८ साली नगर येथूनच प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना लोक सरसकट वेडे म्हणतात, त्यांत ईश्वराच्या ध्यासाने देहभान हरपलेले ‘मस्त’ कोणते आणि मनोरोगाने पीडित असे कोणते, याचे वर्गीकरण करण्याचा प्रयत्न आहे.

या तीन उदाहरणांवरून कोणाही सत्पुरुषास आजच्या वैद्यकातील एखादे नाव चिकटवणे हे अशास्त्रीय आणि अप्रस्तुत होईल. त्यांपासून घ्यावयाचा बोध एवढाच, की लोकांच्या तोंडी शब्द एक असला तरी त्या शब्दाखाली अत्यंत भिन्न प्रकारची माणसे उभी असतात. डाँकिन यांचे वर्गीकरण श्रद्धेच्या दृष्टीने केलेले होते; परंतु एका शब्दाने काम भागत नाही, ही त्यामागील जाणीव मात्र यथार्थ होती.

कायद्याची भाषा तेव्हा याहून ढोबळ होती. १९१२ च्या हिंदुस्थानातील वेड्यांविषयीच्या कायद्याने जन्मतः बुद्धी अल्प असलेला मनुष्य आणि पुढे मनोरोग जडलेला मनुष्य यांना एकाच व्याख्येत बसविले होते. वस्तुतः या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत. मनोरोग हा बहुधा निरोगी दिवसांनंतर येतो, आणि उपचाराने तो पुष्कळदा आटोक्यात येतो. बौद्धिक अक्षमता ही बालपणापासूनची असून तिच्यात शिकण्याची, समजण्याची व व्यवहार सांभाळण्याची गती कमी असते. १९४० साली डॉ. व्ही. व्ही. कामत यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. फ्रान्समधील बिने यांच्या कसोट्या त्यांनी मराठी व कानडी मुलांना लागू पडतील अशा रीतीने बदलून घेतल्या होत्या. बिने-कामत या नावाची ती चाचणी आजही महाराष्ट्रात वापरली जाते. तिने बुद्ध्यंक कळतो. परंतु बुद्ध्यंक पुरेसा असूनही ज्याला वाचता येत नाही, किंवा पाठांतर अफाट असूनही ज्याला दोन मुलांत खेळता येत नाही, अशा मुलाचे कोडे केवळ बुद्ध्यंकाने उलगडत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरोगाच्या व्याख्येतून बौद्धिक वाढ खुंटण्याची अवस्था स्पष्टपणे वगळली आहे. एका व्याख्येतील ही दोन माणसे वेगळी करण्यास कायद्याला अनेक दशके लागली.

आता मुख्य शब्दाकडे वळावयाचे. इंग्रजीत ज्याला न्यूरोडायव्हर्सिटी म्हणतात, त्यास मराठीत मज्जावैविध्य असे म्हणता येईल. हा शब्द १९९० नंतरच्या दशकात, स्वमग्न व्यक्तींनी आपापसांत चालविलेल्या चर्चेतून पुढे आला. ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ ज्युडी सिंगर यांचा प्रबंध आणि अमेरिकेतील पत्रकार हार्वे ब्लूम यांचा लेख, या १९९८ सालच्या दोन लेखनांमुळे तो प्रचारात आला. तो घडविला गेला जैववैविध्य या शब्दाच्या धर्तीवर. त्याचा अर्थ समजण्यासाठी याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात जावे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, भाज्या यांची गावठी बियाणी वर्षानुवर्षे जपली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाजारात एकच संकरित वाण सर्वोत्तम म्हणून विकला जात असता त्यांनी अनेक वाण सांभाळले, कारण एक वाण कमी पाण्यावर तग धरतो, दुसऱ्यावर कीड कमी पडते, तर तिसऱ्याची चव न्यारी असते. मज्जावैविध्याची कल्पना याच जातीची आहे. मनुष्यजातीत मेंदूच्या घडणीचे अनेक प्रकार असतात. त्यांतील एकच प्रमाण आणि बाकीचे सारे बिघाड, असे समजणे हे निसर्गाला धरून नाही, असे ती सांगते.

येथे तीन शब्दांतील भेद लक्षात ठेवणे उपयुक्त ठरेल. मज्जावैविध्य हा समूहाचा गुण आहे. एका वर्गातील चाळीस मुले मिळून विविध असतात, एकटे मूल विविध असू शकत नाही. ज्या व्यक्तीची मेंदूची घडण बहुसंख्यांपेक्षा निराळी आहे तिला न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे भिन्न मज्जाघडणीची व्यक्ती म्हणावे. आणि ज्याची घडण समाजाने गृहीत धरलेल्या चाकोरीस जुळते तो न्यूरोटिपिकल, म्हणजे रूढ मज्जाघडणीचा. या तिसऱ्या शब्दाची योजना महत्त्वाची आहे. एका बाजूस ‘वेगळा’ आणि दुसऱ्या बाजूस ‘नॉर्मल’ असे म्हटले की न्याय आधीच होऊन जातो. दोन्ही बाजूंना नाव दिले की निदान तुलना बरोबरीने होते.

भिन्न मज्जाघडणीच्या प्रकारांत ज्याचा उल्लेख सर्वांत अधिक होतो तो ऑटिझम, म्हणजेच मराठीतील स्वमग्नता. स्विस मनोवैद्य ब्लॉइलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द निराळ्याच संदर्भात, एका मनोरोगाचे लक्षण सांगण्यासाठी घडविला. मॉस्को येथील ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ साली, बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनी १९४३ साली आणि व्हिएन्ना येथील हान्स आस्पर्गर यांनी १९४४ साली अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. कॅनर यांच्या निबंधात अकरा मुले होती. इतरांशी संवाद साधण्याची निराळी रीत, ठराविक क्रमाची ओढ, विशिष्ट विषयांत खोल रस, आणि आवाज, प्रकाश, स्पर्श यांची अतितीव्र किंवा अतिमंद जाणीव, ही त्याची प्रमुख लक्षणे होत. मराठीतील ‘स्वमग्न’ हा शब्द सुटसुटीत असला तरी तो थोडी दिशाभूल करतो. त्यावरून असे वाटते की हे मूल आपल्यातच रमलेले असून त्याला बाहेरच्या जगाची पर्वा नाही. प्रत्यक्षात अनेकांची अडचण याच्या उलट असते. कुकरची शिट्टी, मिरवणुकीतील ढोलताशा, सदऱ्याच्या कॉलरीमागे शिवलेली चिठ्ठी, लग्नमंडपातील शंभर आवाज, हे बाहेरचे जग त्यांच्यावर एकाच वेळी इतक्या जोराने कोसळते, की त्यापासून दूर होणे एवढाच मार्ग उरतो.

स्वमग्नतेला आज वर्णपट असे म्हणतात. वर्णपट म्हणजे एका टोकास सौम्य आणि दुसऱ्या टोकास तीव्र, अशी सरळ पट्टी नव्हे. एखाद्याचे बोलणे अस्खलित असते, पण भाजीबाजारात पाच मिनिटे उभे राहवत नाही; दुसऱ्याला एक शब्द बोलता येत नाही, पण त्याला समजते सारे. अनेक रंग कमीअधिक प्रमाणात मिसळावेत, तशी ही लक्षणे प्रत्येकात निराळी मिसळलेली असतात. आस्पर्गर यांच्या नावाने पूर्वी एक स्वतंत्र निदान केले जात असे. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेने २०१३ साली ते या वर्णपटातच समाविष्ट केले. त्याचप्रमाणे हुशार स्वमग्न, कमकुवत स्वमग्न असे वर्ग करण्याऐवजी कोणत्या कामात किती साहाय्याची गरज आहे हे सांगावे, असा आता प्रघात पडत आहे.

न बोलणारे मूल निर्बुद्ध असते हा समज फार खोल रुजलेला आहे. त्याला उत्तर देणारे एक दृश्य या जिल्ह्याने अनेक वर्षे डोळ्यांनी पाहिले आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले, ते १९६९ साली देह ठेवीपर्यंत सोडले नाही. त्यांतील पुष्कळ वर्षे ते अक्षरांच्या फळीवर बोट ठेवून संभाषण करीत, १९५४ नंतर केवळ खुणांनी. त्या फळीकडे पाहून त्यांना समजत नाही असे कोणाच्याही मनात आले नाही. त्यांचे मौन स्वेच्छेचे होते. न बोलणाऱ्या मुलाचे तसे नसते, हा भेद मोठाच आहे. तरीही वाणी निराळी आणि समज निराळी, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते. चित्रांचे तक्ते, खुणा, अक्षरफळी, टॅब्लेटवरील बोलके फलक ही साधने अशा मुलांना देता येतात, आणि त्यांमुळे उरलीसुरली बोलण्याची इच्छा मरेल ही भीती निराधार ठरली आहे. मात्र बोट मुलाचे स्वतःचे असावयास हवे. दुसऱ्याने हात धरून लिहविलेले शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात, असे काळजीपूर्वक केलेल्या चाचण्यांत दिसून आले आहे.

स्वमग्नतेच्या कारणांविषयी दोन भ्रम विशेष घातक ठरले. पहिला, आईच्या कोरड्या वागण्यामुळे मूल असे होते, हा. गेल्या शतकाच्या मध्यास तो विद्वानांतही मान्य होता, आणि असंख्य मातांनी तो कलंक निमूटपणे सोसला. १९६४ साली अमेरिकेतील बर्नार्ड रिमलँड यांनी, जे स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिता होते, त्याचा साधार प्रतिवाद केला. या घडणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे आता सिद्ध झाले आहे. दुसरा भ्रम लसीचा. १९९८ साली एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ज्या निबंधामुळे तो पसरला, तो निबंध नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. आणि लाखो मुलांच्या पाहण्यांत लस व स्वमग्नता यांचा संबंध आढळला नाही. या भ्रमापायी लस न टोचलेले मूल गोवराला बळी पडू शकते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

दुसरा मोठा प्रकार वाचन-लेखनातील अडचणींचा. मराठी शाळेत अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला ‘ढ’ म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत इतर अक्षरांची वळणे पार बदलली, ‘ढ’ तेवढा जवळजवळ होता तसाच राहिला, म्हणून कधीही न सुधारणाऱ्यास ढ म्हणतात, अशी त्याची उपपत्ती सांगितली जाते. ज्याला अक्षरच साधत नाही त्याची हेटाळणी अक्षरानेच व्हावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. डिस्लेक्सिया हा शब्द जर्मन नेत्रवैद्य बर्लिन यांनी १८८७ साली योजिला, आणि इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी १८९६ साली एका चौदा वर्षांच्या चलाख मुलाचे वर्णन प्रसिद्ध केले, ज्याला सर्व काही येत असे, फक्त वाचता येत नसे. ही अडचण डोळ्यांची नसून ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालण्याची आहे. देवनागरीत तिचे स्वरूप निराळे दिसते. ‘कि’ या अक्षरात उच्चार आधी क चा आणि मग इ चा. परंतु वेलांटी डोळ्यांना क च्या आधी भेटते. एकच र ‘रस’, ‘अर्थ’, ‘क्रम’, ‘राष्ट्र’ आणि ‘कैऱ्या’ या पाच शब्दांत पाच वेषांत येतो. सर्वसाधारण मूल या गोष्टी नकळत शिकते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला त्या एकेक करून, उच्चारासह, पुनःपुन्हा शिकवाव्या लागतात. तसे शिकविले तर ते शिकते.

लिहिण्यातील अशाच अडचणीस डिसग्राफिया व अंकांतील अडचणीस डिसकॅल्क्युलिया म्हणतात. मराठी अंकवाचनात मुळातच एक वळसा आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना दोन आधी. ‘एकोणतीस’ म्हणताना तीस ऐकू येतात, आणि पाटीवर तिनाचा पत्ता नसतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर टीका आणि विनोद यांना ऊत आला. भाषेच्या अभिमानाचा भाग बाजूस ठेवला तर त्या योजनेमागील कळकळ समजण्यासारखी होती. ज्या मुलाला अंकांची जात्याच अडचण, त्याला हा वळसा डोंगराएवढा असतो.

परंतु प्रत्येक न वाचणारे मूल डिस्लेक्सियाचे असते असे मात्र नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी कारखान्यांवर जातात आणि मुलांची शाळा ऐन वर्षात सुटते. असे मूल वाचू शकत नाही तेव्हा दोष त्याच्या मेंदूचा नसून बुडालेल्या शाळेचा असतो. पुरेसे शिक्षण मिळूनही अडचण राहिली तरच अध्ययन अक्षमता म्हणावे, हा शास्त्राचा दंडक आहे. डोळे आणि कान तपासणे ही तर त्याआधीची पायरी. ऊसतोड कामगाराच्या मुलाला अक्षमतेची चिठ्ठी देणे आणि शहरातील खऱ्या अडचणीच्या मुलाला आळशी म्हणणे, या दोन्ही चुका सारख्याच महाग पडतात.

तिसरा प्रकार अवधानन्यूनता व अतिचंचलतेचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एडीएचडी म्हणतात. येथेही नाव थोडे फसवे आहे. अशा मुलाजवळ अवधान नसते असे नाही. ते हवे तेथे लावणे आणि हवे तेव्हा काढून घेणे त्याला जड जाते. म्हणूनच आवडीच्या खेळात तीन तास गुंग होणारे मूल दहा ओळींचे शुद्धलेखन पुरे करू शकत नाही, आणि घरची माणसे म्हणतात, मनात आणले तर करील. उड्या मारणारा मुलगा शिक्षकाच्या लगेच नजरेस येतो. खिडकीबाहेर पाहत शांत बसणारी मुलगी येत नाही, आणि तिचे निदान अनेकदा प्रौढपणी होते. यांखेरीज हालचालींचा मेळ न बसणे म्हणजे डिस्प्रॅक्सिया, आणि इच्छेविरुद्ध होणारे झटके किंवा आवाज म्हणजे फ्रेंच वैद्याच्या नावाने ओळखला जाणारा टूरेट विकार, हेही याच मंडळातले. एकाच व्यक्तीत यांतील दोन-तीन प्रकार एकत्र असणे हे अपवादात्मक नाही.

आता दैनंदिन वागणुकीतील काही शब्द. स्टिमिंग म्हणजे स्वतःला स्थिर ठेवण्यासाठी केलेली तीच ती हालचाल: डुलणे, हात फडफडविणे, एखादी वस्तू फिरवीत राहणे. बसल्या जागी पाय हलविणारा मोठा मनुष्यही तेच करीत असतो. पाय हलवू नये, लक्ष्मी जाते, असे वडीलधारे म्हणतात, तरी पाय हलतच असतो. त्यापासून इजा होत नसेल तर ते थांबविण्याचे कारण नाही. मेल्टडाऊन म्हणजे सहनशक्तीचा बांध फुटणे. वरकरणी तो हट्टासारखा दिसतो, परंतु हट्ट करणारे मूल समोरच्याकडे लक्ष ठेवून असते आणि हवे ते मिळताच थांबते; बांध फुटलेल्या मुलाला काही मिळवावयाचेच नसते. तेथे धपाटा व्यर्थ, समजूतही व्यर्थ. आवाज, उजेड आणि माणसे कमी करणे एवढाच उपाय. मास्किंग म्हणजे मुखवटा चढविणे. दिवसभर इतरांसारखे हसणे, नजरेला नजर देणे, हालचाल दाबून ठेवणे, हे अनेकांना, विशेषतः मुलींना, साधते. पण त्याची किंमत घरी आल्यावरच्या रडण्यात आणि पुढे खोल थकव्यात मोजावी लागते. शाळेत गुणी आणि घरी त्रास देणारी, अशी तक्रार जेथे येते तेथे हा मुखवटा आहे काय, हे पाहावे.

आणखी एक कल्पना विचारात घेण्याजोगी आहे. स्वमग्न माणसांना इतरांच्या भावना कळत नाहीत, असे दीर्घकाळ समजले जाई. स्वतः स्वमग्न असलेले इंग्रज अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली दाखवून दिले की ही अडचण दुहेरी आहे. रूढ घडणीच्या माणसांनाही स्वमग्नांची मने वाचता येत नाहीत. कोकणातला आणि खानदेशातला मनुष्य प्रथमच भेटले आणि एकमेकांचे बोलणे दोघांनाही नीट कळले नाही, तर दोष एकट्या खानदेशीयाचा कोणी म्हणणार नाही.

या विचारसरणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ज्यांचे तरुण मूल बोलत नाही, स्वतःचे डोके भिंतीवर आपटून घेते, रात्रीची झोप घेत नाही, आणि आपल्यामागे त्याचे काय होईल या विवंचनेत जे दिवस कंठतात, त्या आईबापांना वैविध्य हा शब्द थट्टेसारखा वाटू शकतो. त्यांचे म्हणणे खरे आहे. वैविध्य मान्य करणे म्हणजे कष्ट नाकारणे नव्हे. अपस्माराचे झटके, निद्रानाश, स्वतःस होणारी इजा यांवर उपचार हवेतच. आणि काही व्यक्तींना जन्मभर दुसऱ्याच्या आधाराची गरज असते. बियाण्याची उपमाही येथे थांबते, कारण माणसाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरत नाही. भिन्न घडणीचे मूल गणिती किंवा चित्रकार निघेल म्हणून त्याला जपावे, असे म्हणणारा मनुष्य उपयुक्त न ठरणाऱ्या मुलाला नकळत वाऱ्यावर सोडतो.

हा प्रश्न थोड्या घरांचा नाही. भारतातील पाच ठिकाणी, त्यांत उत्तर गोवाही होता, दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दृष्टी, श्रवण व अपस्मार यांसह मज्जाविकासाच्या नऊ प्रकारच्या अडचणींपैकी एखादी तरी सुमारे आठांमागे एका मुलात आढळली. कायद्यानेही पाऊल पुढे टाकले आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्यात एकवीस प्रकार गणले असून, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे त्यांत आहेत. एडीएचडीचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळांतील मुलांच्या तपासणीत विकासातील विलंबाचाही समावेश आहे. पुष्कळ पालक मुलाच्या नावावर शिक्का बसेल या भयाने प्रमाणपत्र घेत नाहीत. त्यांचे भय समजण्यासारखे आहे; परंतु शिक्का तर आधीच बसलेला असतो. ढ, आळशी, वेडा हे शिक्के कोणत्याही प्रमाणपत्रावाचून बसतात आणि त्यांच्याबरोबर जादा वेळ किंवा लेखनिक मिळत नाही.

कुटुंबांनी करावयाच्या गोष्टी थोड्या आणि सोप्या आहेत. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न उच्चारणारे, नावाने हाक मारल्यास वळून न पाहणारे, बोटाने काही न दाखविणारे, किंवा आलेले शब्द गमावणारे मूल बालरोगतज्ज्ञास त्वरित दाखवावे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समाधानात वर्षे दवडू नयेत. मूळ घडण बदलून देण्याची हमी देणाऱ्यांपासून दूर राहावे. वाक्-उपचार, व्यवसायोपचार, विशेष शिक्षण यांचा हेतू मुलाला इतरांची नक्कल शिकविणे हा नसून त्याचे जगणे सुकर करणे हा आहे. लग्नकार्यात अशा मुलासाठी एक शांत खोली ठेवावी, आणि पाहुण्यांनी नमस्कारासाठी आग्रह धरू नये. मोठ्या व्यक्तींच्या बाबतीत, स्वमग्न म्हणावे की स्वमग्नता असलेली व्यक्ती म्हणावे, हे त्या व्यक्तीलाच विचारावे.

नवे शब्दही जुने होतात. मतिमंद हा शब्द एके काळी वेडा या शब्दापेक्षा सभ्य म्हणून आणला गेला होता, आणि पुढे तोही शाळेच्या मैदानात शिवी झाला. आजचे शब्द तिरस्काराने उच्चारले तर त्यांचीही तीच गत होईल. तोपर्यंत या शब्दांचा उपयोग एवढाच, की मुलाकडे दुसऱ्यांदा पाहावयास ते लावतात. छडीसाठी उचललेला हात तेवढ्या अवधीत खाली आला, तरी या परिभाषेने आपले काम केले असे म्हणावयास हरकत नाही.